दीर्घ मुदतीची तहान

एका जंगलात एक नियम होता. पाहुण्याच्या आधी पाणी प्यायचं नाही.

मुलांनो, नियम अगदी साधा होता. जंगलात कुणी परका आला की जंगलातल्या एखाद्या बाईने नाहीतर मुलीने काठावर उभं राहून त्याला म्हणायचं, "आधी तुम्ही." हे शब्द कानावर पडल्याशिवाय पाहुणा पाण्याला तोंड लावायचा नाही. ते पडले की तो उतरायचा, पोटभर प्यायचा, उठून जायचा. मग बाकीच्यांनी प्यायचं. तो उठेपर्यंत कुणी थेंबसुद्धा प्यायचा नाही.

या नियमाला आणखी एक नियम चिकटलेला होता. पहिला नियम का आहे, हे विचारायचं नाही.

तुम्ही विचारलंत का? नाही ना? शहाणी मुलं. मोठेपणी नक्की पंच व्हाल.

त्या जंगलाचं नाव जांभूळवन. तिथे शलाका नावाची साळिंदराची मुलगी राहायची. ती वडाखालच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकली होती. तिला राग आला की अंगावरचे काटे उभे राहायचे, आणि तिला राग बऱ्याचदा यायचा. म्हणून सभेत तिला सगळ्यात मागे बसवायचे. तिच्या मताची भीती नव्हती हो कुणाला. शेजारच्यांना काटे टोचायचे, एवढंच.

लहानपणी तिने आईला विचारलं होतं, "आई, आपण आधी का नाही प्यायचं?"

"कारण माझी आई सांगायची."

"आणि आजीला कुणी सांगितलं?"

"तिच्या आईने. आता झोप. आणि काटे मीट आधी, माझ्या कुशीत घुसतायत."

जांभूळवनाचा कारभार तीन पंच पाहायचे. सरपंच होते दंतूआजोबा. हत्ती. एक सुळा तुटलेला, पण आठवण शाबूत, आणि तिचा त्रास सगळ्यांना. दुसरे कासवकाका. कुठल्याही प्रश्नावर ते "घाई नको" म्हणायचे आणि मान आत ओढून घ्यायचे. तिसरे हुप्पेराव वानर. बाहेरच्या जंगलांशी बोलणी करायचं काम त्यांचं, कारण इकडून तिकडे उडी मारायची सवय.

फार पूर्वी, बर्फाच्या जंगलातून पांढरी अस्वलं आली होती. ती कुणाच्या "आधी तुम्ही"ची वाट बघायची नाहीत. थेट तळ्यात शिरायची आणि वर आपल्यालाच अंघोळ कशी करावी ते शिकवायची. जाताना अर्धं तळं पिऊन गेली. तेव्हापासून जांभूळवनाला सगळे "उगवतं जंगल" म्हणायला लागले. शलाकाच्या आजीच्या वेळीही ते उगवतच होतं. शलाकाच्या वेळीही उगवतच होतं. सूर्य बिचारा रोज उगवून, मावळून, पुन्हा यायचा आणि बघायचा, की हे अजून तिथेच.

जांभूळवनाच्या पलीकडे खाडी होती. खाडीचं पाणी खारट, म्हणजे प्यायला निरुपयोगी. खाडीपलीकडे तांबडवन. तिथली माती लाल. तिथेही अस्वलं येऊन गेली होती आणि तेही उगवतंच होतं.

तर अशा सगळ्या उगवत्या जंगलांचा दरवर्षी एक मेळावा भरायचा. सगळे म्होरके एका रांगेत उभे राहायचे, एकमेकांचे पंजे धरायचे आणि वर करायचे. मग हुप्पेराव फांदीवर चढून जाहीरनामा वाचायचे. "परस्पर आदर! परस्पर विश्वास! परस्पर लाभ!"

"सगळं परस्परच करतात," मागून शलाका म्हणायची. "आपल्याला कधी विचारतात?"

"श्शू," तिची आई म्हणायची.

एका मेळाव्यात ठरलं, की आता अस्वलांची गरज नाही. भावाने भावाच्या जंगलात गुंतवणूक करायची. तांबडवनाची कंपनी जांभूळवनात येणार. जांभूळवनाची कंपनी तांबडवनात जाणार.

आणि एका सकाळी खाडी पोहून डुंबाजीराव आले.

डुंबाजीराव म्हणजे तांबडवनाचे पाणघोडे. 'बंधुभाव जलविकास कंपनी'चे मालक. त्यांच्या मागोमाग सामान घेऊन सुसरबाई आली. खाडीतली सगळी ने-आण तिच्याच पाठीवरून व्हायची.

दंतूआजोबांनी डुंबाजीरावांना मिठी मारली. मिठीत एक साग आला, तो मोडला.

"भाऊ!" आजोबा म्हणाले.

"भाऊ!" डुंबाजीराव म्हणाले. "अस्वलांनी तुम्हालाही लुटलं."

"तुम्हालाही लुटलं हो!"

दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्खं जंगल हळहळलं. शलाकाची आई नवीन फुलं माळून काठावर उभी होती. ती लाजत म्हणाली, "आधी तुम्ही."

डुंबाजीराव तळ्यात उतरले.

उतरल्याबरोबर तळ्याचं पाणी वर चढलं. काठावरची जांभळाची मुळं बुडाली. हुप्पेरावांनी कोलांटी उडीच मारली. "बघा, बघा! पातळी वाढली! गुंतवणूक आली की पातळी अशी वाढते!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, पाणी नाही वाढलं," शलाका मागून ओरडली. "आत पाणघोडा बसलाय!"

"तुला आकड्यांतलं कळत नाही बाळा," हुप्पेराव म्हणाले.

"मी तेच शिकलेय काका."

"म्हणूनच."

संध्याकाळ झाली. सगळे प्राणी काठावर येऊन बसले. पाहुणा उठेल, मग प्यायचं. पाहुणा उठला नाही. दुसरा दिवस गेला. पिल्लं जिभा बाहेर काढून रडायला लागली. शेवटी दंतूआजोबा घसा खाकरून म्हणाले, "भाऊ, तहान भागली का?"

डुंबाजीरावांनी एक डोळा उघडला. "भागेल ना. पण माझी तहान दीर्घ मुदतीची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी असा येऊन, पिऊन, पळून जाणारा नाही. ते अस्वलांचं काम. मी राहणार. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

दंतूआजोबांना भरून आलं. इतका विश्वास त्यांच्यावर त्यांच्या घरच्यांनीही कधी दाखवला नव्हता.

शलाकाची आई हळूच पुटपुटली, "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही, त्याची अक्कल जाई."

"वहिनी," हुप्पेराव म्हणाले, "ही म्हण कराराच्या आधीची आहे. ती आता रद्द समजायची."

मग कामाला सुरुवात झाली. डुंबाजीरावांनी हरणांना नोकऱ्या दिल्या. कुणी त्यांची पाठ घासायची, कुणी कानावरच्या माश्या वारायच्या. माकडांनी वाळक्या भोपळ्यांचे तुंबे करायचे, त्यात तळ्याचं पाणी भरायचं आणि सुसरबाईच्या पाठीवर चढवायचे. ते पाणी तांबडवनात जायचं. तिकडे त्याला फार मागणी आहे म्हणे.

"आणि आम्ही काय प्यायचं?" माकडांनी विचारलं.

त्याचीही सोय झाली. परत येताना सुसरबाई तांबडवनातून भरलेले तुंबे आणायची. ते पाणी आपल्या तळ्याचं नव्हे, तेव्हा त्याला आपला नियम लागू नव्हता. दिवसभर राबलं की संध्याकाळी एक तुंबा मिळायचा. त्यावर चित्र असायचं आणि "खास परदेशी पाणी" असं लिहिलेलं असायचं.

शलाकाने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गंजल्यासारखं लागतंय."

"परदेशी आहे गं," एक माकड म्हणालं. "चव लागायला वेळ लागतो."

ज्यांना तुंबा मिळत नव्हता, ते बांबूच्या वनात जायचे. तिथे खडकातून एक बारीकसा झरा यायचा. म्हातारे, पिल्लं, गाभण हरिणी, सगळे त्या झऱ्यापाशी रांग लावायचे. जांभूळवनाचं स्वतःचं म्हणावं असं पाणी आता तेवढंच उरलं होतं. मुलांनो, हा झरा लक्षात ठेवा. गोष्ट शेवटी तिथेच जाणार आहे.

त्याच सुमारास जांभूळवनाची कंपनीही परदेशी निघाली. मालक होता दंतूआजोबांचा भाचा, ऐरावत. आईने त्याला ओवाळलं, हरणांनी नाच केला. "आपला पोरगा बाहेर जाऊन कंपनी चालवणार!" म्हणून आजोबांची छाती इतकी फुगली की दोन दिवस त्यांना पायवाटेने चालता येईना.

महिना गेला. आजोबांना भाच्याची आठवण यायला लागली. त्यांनी शलाकाला बोलावलं.

"शलू, तू शिकलेली. तू जा तिकडे. त्याला हे फणस दे आणि खुशाली विचारून ये."

खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी सभा होती आणि शलाका सभेत नको होती. हे तिलाही कळत होतं. पण खाडीपलीकडे जायला मिळणार म्हटल्यावर तिने फणस उचलले.

काठावर सुसरबाई ऊन खात पडली होती.

"काय गं, भाडं माहीत आहे ना?" तिने विचारलं.

"सुसरबाई, सुसरबाई, तुझी पाठ मऊ," शलाका म्हणाली. सगळ्यांना हेच म्हणावं लागायचं.

"खरं?"

"खोटं. पण म्हणायचं असतं ना?"

सुसरबाई हसली. तिला सगळे दात दिसतील असं हसायची सवय होती.

शलाका पाठीवर बसली. सोबत जांभूळवनातून निघालेले तुंबे होते. खाडीच्या मधोमध एक वाळूचं बेट होतं. सुसरबाई तिथे थांबली. तिने एकेका तुंब्याचं बूच काढलं आणि प्रत्येकातला एक एक मोठा घोट घेतला.

"हे काय?"

"माझी हाताळणीची फी. जन्म खारट पाण्यात गेला माझा. आता म्हातारपणी जरा गोडाची चव."

"येताना?"

"येतानाही घेते. मी दोन्ही जंगलांना सारखं मानते."

बेटावर दोन पाट्या रोवलेल्या होत्या. एकीवर 'बंधुभाव जलविकास'. दुसरीवर 'स्नेहभाव जलविकास'. ही ऐरावताची.

"दोन्ही कंपन्यांचा पत्ता इथला?" शलाकाने विचारलं. "इथे तर कुणी राहतही नाही."

"म्हणून तर. जिथे कुणी राहत नाही तिथे कुणाचा नियम नाही. आता सांभाळून बस. आणि काटे मीट बाई, माझी पाठ मऊ आहे."

तांबडवनात उतरली तर समोर झाड होतं. झाडाने मान खाली केली आणि म्हणालं, "कुठून आलीस?"

ते झाड नव्हतं. ती मानिनी होती. जिराफाची मुलगी. शलाकाच्याच वयाची, आणि तोंडाने तितकीच फटकळ.

"जांभूळवनातून."

मानिनीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे त्या हत्तीच्या गावची! कधी उठणार गं तो?"

"कुठून उठणार?"

"आमच्या तळ्यातून! आला त्या दिवशी माझ्या मावशीने त्याला 'आधी तुम्ही' म्हटलं. आमच्यात तसा नियम आहे. पाहुण्याच्या आधी प्यायचं नसतं. का ते—"

"—विचारायचं नसतं," शलाका म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीची मान वर, एकीची खाली.

"तुमच्याकडे कोण बसलाय?" मानिनीने हळूच विचारलं.

"पाणघोडा. डुंबाजीराव."

"अगं बाई! आमचे डुंबामामा? ते तर म्हणे तिकडे मोठं समाजकार्य करतायत!"

"आमचा ऐरावतदादाही इकडे तेच करतोय."

आणि मग दोघींना हसू फुटलं. मानिनी इतकी हसली की तिच्या मानेतून हसू वर यायला वेळ लागला. शलाका थांबली तरी तिचं चालूच होतं.

"चल, घसा कोरडा पडला," मानिनी म्हणाली. "आपल्याकडे परदेशी पाणी आहे. खास पाहुण्यांसाठी ठेवलंय. आम्हाला ते जरा तुरट लागतं, पण चव लागायला वेळ लागतो म्हणतात."

शलाकाने घोट घेतला. आणि तिचे सगळे काटे उभे राहिले.

ते पाणी जांभळाच्या मुळांच्या चवीचं होतं. ती जन्मली तेव्हा आईने तिच्या ओठांना लावलं होतं, ते पाणी. महिनाभर तिने ते प्यायलं नव्हतं. आणि ते प्यायला खाडी ओलांडावी लागली होती.

"काय झालं?"

"हे आमच्या तळ्याचं आहे," शलाका म्हणाली. "आणि आम्ही तिकडे तुमचं पितोय. गंजल्यासारखं."

"गंज नाही गं, आमची माती लाल आहे," मानिनी जरा दुखावून म्हणाली. मग तिने पुन्हा विचार केला. "म्हणजे तुम्ही आमचं पिता, आम्ही तुमचं पितो, आणि मधे..."

"सुसरबाई."

ऐरावत तळ्यात मजेत पडला होता. दोन झेब्रे त्याची पाठ घासत होते. फणस बघून त्याने सोंड वर केली.

"शलू! मामांना सांग, भाचा मजेत आहे!"

"दादा, उठतोस का जरा? हे लोक तहानलेत."

"उठू कसा? गुंतवणूक केलीय मी." मग सोंड जवळ आणून तो कुजबुजला, "आणि इथले लोक जरा आळशीच आहेत. सारखं पाणी पाणी. आपल्याकडे कशी शिस्त असते!"

"आपल्या तळ्यात पाणघोडा बसलाय दादा. महिना झाला."

ऐरावत ताडकन उठून बसला. पूर्ण उठला नाही, नुसता बसला. "काय सांगतेस! भावासारखा भाऊ, आणि दुसऱ्याचं तळं अडवून बसतो? अस्वलांत आणि त्याच्यात फरक काय मग? लाज नाही वाटत त्याला?"

झेब्र्यांपैकी एकाने फक्त पाठ जरा जोरात घासली.

"हळू," ऐरावत म्हणाला.

परत निघताना मानिनी किनाऱ्यापर्यंत सोबत आली. "घरी सांगून काही उपयोग होईल?" तिने विचारलं.

"आमचे कासवकाका म्हणतील, घाई नको."

"आमच्याकडे गेंडेकाका आहेत. त्यांना ऐकूच येत नाही. हवं ते तेवढं येतं."

"मग ऐक," शलाका म्हणाली. "पाहुण्याला कुणीतरी 'आधी तुम्ही' म्हटल्याशिवाय पिता येत नाही. हो ना? आणि ते म्हणायला दरवेळी आपल्यातल्याच कुणाला तरी उभं करतात."

मानिनी विचारात पडली. मग तिने मान वाकवून शलाकाच्या कानात काहीतरी सांगितलं. शलाकाने हो म्हटलं. मुलांनो, त्या दोन उगवत्या जंगलांमधला हा पहिला करार, जो दोन्ही बाजूंना समजला होता. त्याला फीत कापली नाही. कुणी पंजे वर केले नाहीत. मानिनीने वर केला असता तर शलाकाचा पोचला नसता.

दोन दिवसांनी घरी आली तर जंगलात तोरणं लागली होती.

"शलू, आलीस! वेळेवर आलीस!" दंतूआजोबा आनंदाने म्हणाले. "काल सभेत दुसरा टप्पा मंजूर झाला. डुंबाजीरावांचे धाकटे भाऊ येतायत, बुडबुडाजीराव. आपला झरा ते विकसित करणार. आणि ऐरावताचा धाकटा भाऊ जाऊन त्यांचा झरा विकसित करणार. दोन्हीकडे एकाच मुहूर्तावर!"

"झरा?" शलाका म्हणाली. "आजोबा, शेवटचं पाणी आहे ते आपलं."

"म्हणून तर विकास करायचा त्याचा. आहे तसं कुणीही पितं."

"मी तिकडे जाऊन आले. ऐरावतदादा तिथे तळ्यात बसलाय. आपल्याकडे डुंबाजीराव बसतात, तसाच. ते आपलं पाणी पितायत, आपण त्यांचं. मधल्या मधे सुसरबाई पिते. दोन्हीकडची पिल्लं तहानलेली आहेत."

"पण दोन्हीकडची पातळी वाढलीय!" हुप्पेराव म्हणाले.

"दोन्हीकडे एकेक जनावर आत बसलंय काका!"

"घाई नको," कासवकाका म्हणाले.

"कशाची घाई? मी अजून काही केलंही नाही."

"तेच. करायची घाई नको." आणि त्यांनी मान आत ओढून घेतली.

दंतूआजोबांनी प्रेमाने तिच्या डोक्यावर सोंड ठेवली. काटा टोचला, तशी काढली. "हे बघ बाळा. पाहुण्याला नाही म्हणायची आपली रीत नाही. पाहुण्याच्या आधी प्यायचं नाही. का, ते विचारायचं नाही. माझ्या आजोबांनी नाही विचारलं, मी नाही विचारलं. आम्ही काय वेडे होतो?"

मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर शलाकाच्या ओठांवर आलं होतं. पण तिने ते गिळलं. घसा तसाही कोरडाच होता.

"बरं," ती म्हणाली. "मग मला कशाला सांगताय?"

"तुझ्या आईचा आवाज बसलाय," हुप्पेराव म्हणाले. "पाणी नाही ना मिळत वेळेवर. तेव्हा यंदा 'आधी तुम्ही' तू म्हणायचंस. शिकलेली मुलगी. उच्चार स्वच्छ. पाहुण्यांवर छाप पडेल."

शलाकाचे काटे हळूहळू उभे राहिले. मग, पंचांनी आश्चर्याने पाहिलं, ते हळूहळू मिटले.

"चालेल," ती गोड आवाजात म्हणाली. "मुहूर्त कधी?"

दंतूआजोबांना आनंद झाला. "बघा! मी म्हणत नव्हतो? बाहेरचं जग पाहिलं की मुलं समजूतदार होतात."

मुहूर्त दुसऱ्या दिवशी दुपारचा होता. बांबूच्या वनात सगळं जंगल जमलं. खाडीच्या बाजूला थोडी उतरण होती, तिथून पलीकडचं तांबडवन दिसायचं. सुसरबाई खाली काठाशी रिकामे तुंबे घेऊन तयारच होती. बुडबुडाजीराव अंगाला चिखलाचा लेप लावून, चकचकीत होऊन आले. ते झऱ्यापेक्षा इतके मोठे होते, की एकदा आत बसले असते तर झरा कुठे आहे हे विचारावं लागलं असतं. आणि विचारायची तर तिथे रीत नव्हती.

पंचांची भाषणं झाली. हुप्पेरावांनी तीन वेळा "परस्पर" म्हटलं. रांगेत उभ्या असलेल्या गाभण हरिणी झऱ्याकडे बघत होत्या. शलाकाची आई पुढे उभी होती. तिला बोलता येत नव्हतं, नुसती लेकीकडे बघत होती.

"हं, शलू," दंतूआजोबा म्हणाले.

शलाका झऱ्यापाशी गेली. बुडबुडाजीरावांनी एक पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून तिच्या शब्दाची वाट बघत राहिले. नियम त्यांच्या जंगलातही तोच होता ना.

शलाका काही बोलली नाही.

"म्हण ना गं," हुप्पेराव कुजबुजले. "विसरलीस का? आधी..."

"विसरले नाही."

"मग म्हण. पाहुण्यांचा पाय अवघडलाय."

"खाली ठेवा म्हणावं. मागच्या बाजूला."

जंगलात कुणीतरी फिसकन हसलं. मग दाबलं.

"शलाका!" दंतूआजोबांचा आवाज चढला. "अख्ख्या जंगलाची शोभा करतेस? पलीकडचे भाऊ काय म्हणतील? तिकडेही याच क्षणी हाच समारंभ चाललाय. तिकडची मुलगी म्हणतेच आहे ना मुकाट्याने?"

"बघा तर," शलाका म्हणाली.

सगळ्यांनी खाडीपलीकडे पाहिलं. तांबडवनाच्या झाडांच्या शेंड्यांवर एक लांबलचक मान आली होती. ती मान हलत होती. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. इतक्या दुरूनही त्या मानेचा अर्थ कळत होता. किंबहुना इतकं मोठं 'नाही' त्या दोन्ही जंगलांनी याआधी पाहिलंच नव्हतं.

बुडबुडाजीरावांचा पाय थरथरायला लागला. खाली सुसरबाईने रिकाम्या तुंब्यांकडे पाहिलं आणि मग खारट पाण्याकडे.

शलाकाने आईचा पंजा धरला आणि तिला झऱ्यापाशी आणलं. "आई, पी."

आईने एकदा पाहुण्याकडे पाहिलं. एकदा पंचांकडे. मग ती खाली वाकली आणि प्यायली. पोटभर प्यायली. मान वर केली तेव्हा तिचा आवाज परत आला होता.

"का गं शलू," ती म्हणाली, "हा नियम होता तरी का?"

"माहीत नाही. यांना विचार ना."

आईने वळून पंचांना विचारलं. मग माकडांनी विचारलं. मग हरिणींनी. मग पिल्लांनी, कारण पिल्लांना फार दिवसांपासून विचारायचंच होतं.

"मी 'आधी तुम्ही' म्हणणार नाही," शलाका म्हणाली. "आज नाही, उद्या नाही. दुसऱ्या कुणाला उभं करायचं असेल तर करा. विचारून बघा कुणाला."

दंतूआजोबांनी सोंड उचलली. ती तशीच खाली आली. हुप्पेरावांनी आजूबाजूला फांदी शोधली, पण बांबूवर वानराला नीट बसता येत नाही. कासवकाकांनी मान आत ओढून घेतली, आणि या वेळी "घाई नको" म्हणायलाही बाहेर काढली नाही.

मग झऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांना कधीही प्रश्न विचारू नका. त्यांच्याजवळ उत्तर नसतं, आणि उगाच बिचाऱ्यांच्या घशाला कोरड पडते.